थंडोबाने जपलेल्या सुया

दवाखान्याच्या भिंतीवर बाळांचे इतके फोटो लावले होते की भिंतीचा मूळ रंग कोणता, हे सांगायला जुना रंगारीच बोलवावा लागला असता. सगळी बाळं गुटगुटीत, सगळी हसरी, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर कुठल्या ना कुठल्या फळाची टोपी. एक कलिंगड, एक स्ट्रॉबेरी, एक बिचारं अननस. खाली खुर्च्यांवर बसलेल्या बायका वर बघत नव्हत्या. नवरे मात्र बघत होते, कारण दुसरीकडे कुठे बघावं हे त्यांना कळत नव्हतं.

त्या बायकांपैकी एकीने फोटो एकदा नीट न्याहाळले आणि अननस आणि स्ट्रॉबेरी हे एकच मूल आहे, फक्त टोपी बदललीय, हे हेरलं. तिची नोकरीच तशी होती. विमा कंपनीत ती नुकसानीचे दावे तपासायची, तेही थंड मालाचे. मासळी, मटार, आइस्क्रीम. ट्रक पोचायचा, माल नासलेला निघायचा, मालक रडवेल्या चेहऱ्याने सांगायचा की वाटेत यंत्र बंद पडलं. मग ही जायची, खोकं उघडायची, आत बोट फिरवायची आणि सांगायची की यंत्र ठणठणीत होतं, डिझेल वाचवायला तुमच्याच माणसाने ते बंद ठेवलं होतं. ऑफिसात तिला तपासनीसबाई म्हणत. इतकी वर्षं लोकांच्या थापा ऐकून जगाबद्दल तिचं जे मत झालं होतं, ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

मूल हवं म्हणून दवाखान्याच्या पायऱ्या झिजवणाऱ्या बायकांबद्दलही तिचं मत तसंच होतं. कशाला एवढा जिवाचा आटापिटा, असं ती वर्षानुवर्षं म्हणत आली. आणि चाळिशी दारात आल्यावर एका सकाळी दात घासता घासता तिला कळलं की आपल्याला मूल हवंय. नुसतं हवं नाही, हवंच आहे. तिला स्वतःचा इतका राग आला की तिने चूळसुद्धा भरली नाही. मग दोन महिन्यांनी नवऱ्याला सांगितलं.

नवऱ्याला बाजारात थंडोबा म्हणत. फ्रीज, कूलर, डीप फ्रीजर विकायचं आणि दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. लोकांनी चिडवायला ठेवलेलं नाव त्याने किताबासारखं दुकानाच्या पाटीवर चढवलं. कुणाच्याही घरी गेला की माणसांना हात जोडायच्या आधी तो फ्रीजच्या पाठीवर हात ठेवून बघायचा. मूल हवंय हे ऐकल्यावर तो म्हणाला, "चालेल की. माझ्याकडून काही अडचण नाही." जणू खोली भाड्याने द्यायची होती.

तर हे दोघं, आणि "मी काही बोलणार नाही, नुसती बसेन" असं म्हणून आलेल्या सासूबाई, असे तिघं त्या फळांच्या टोप्यांखाली बसले होते.

डॉक्टरीणबाईंना सगळे मोठ्या मॅडम म्हणत. त्या बोलताना पेशंटकडे न बघता कॉम्प्युटरकडे बघायच्या आणि प्रत्येक गोष्टीला आपण म्हणायच्या. "आपण रोज इंजेक्शन घेऊ. आपण बीजं वाढवू. मग आपण ती बाहेर काढू."

'आपण'मध्ये सुई कुणाला टोचणार आणि बिल कोण लावणार, याची वाटणी तिने मनातल्या मनात करून टाकली.

"एक आधीच सांगते," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "पहिल्याच खेपेला चित्र स्पष्ट होतं. औषधाला तुमच्या अंडाशयांनी साथ दिली, तर पुढे जाऊ. नाही दिली, तर या वयात पुन्हा तेच करायचा सल्ला मी देत नाही. मग दुसऱ्या कुणाची बीजं घ्यायची. त्यात वाईट काही नाही."

"वाईट नाही," ती म्हणाली, "पण माझी असली तर बरं."

बोलून गेल्यावर तिलाच आश्चर्य वाटलं. थंडोबा त्या वेळी मॅडमच्या मागच्या एसीकडे बघत होता.

मग त्याची पाळी आली. सिस्टरने त्याच्या हातात झाकणाची छोटी बाटली दिली आणि बोळाच्या टोकाची खोली दाखवली. तो ताठ मानेने गेला. त्याच्यानंतर दुसऱ्या खोलीत गेलेला माणूस मान खाली घालून बाहेर आला. त्याच्यानंतरचाही आला. थंडोबाचा पत्ता नव्हता. सिस्टरने दार वाजवलं, आतून "झालंच" असं ऐकू आलं, आणि पाठोपाठ काहीतरी ठोकल्याचा आवाज. खुर्च्यांवरच्या बायका तिच्याकडे कीव करून बघायला लागल्या.

"लहानपणापासूनच तसा आहे," सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "कुठलीही गोष्ट घाईत करत नाही."

शेवटी दार उघडलं. थंडोबा बाह्या वर केलेला, कपाळावर धुळीचा पट्टा, चेहऱ्यावर समाधान ओसंडून चाललेलं.

"काय हो हे," तो सिस्टरला म्हणाला, "एसीतून पाणी गळत होतं. जाळी तुंबलेली, पंखा एका अंगाला झुकलेला. कुणी बघत नाही का इथे? आता जा आत, स्वेटर लागेल."

"आणि बाटली?"

त्याने खिसे चाचपले. मग आत जाऊन बाटली घेऊन आला. "यात स्क्रू ठेवले होते," तो म्हणाला. "हरवू नयेत म्हणून."

सिस्टरने दुसरी बाटली दिली. पण आता खोलीत एवढा गारठा झाला होता की आपल्याच कर्तबगारीपुढे थंडोबाचं काही चालेना. अखेर सिस्टरने बाहेरून एसी बंद केला, तेव्हा काम झालं. ऐनवेळी हा गृहस्थ आणखी काय उघडून बसेल याचा नेम नाही, म्हणून त्याचा नमुना आधीच गोठवून ठेवायचा, असं तिथल्या तिथे ठरलं.

गोठवायचा म्हटल्यावर थंडोबाचे कान टवकारले. "कशात?"

प्रयोगशाळेतला माणूस हौशी निघाला. त्याने काचेआडून टाकी दाखवली, झाकण उचललं, पांढरा धूर जमिनीवर लोळला. "उणे एकशे शहाण्णव," तो म्हणाला. "वर्षानुवर्षं ठेवा. जसंच्या तसं."

सासूबाईंना रिक्षात बसवून दोघं स्कूटरवरून घरी निघाले. सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा तो पुढे बघतच म्हणाला, "आपलं सगळं उणे अठराला संपतं." शेजारच्याने बंगला बांधला की माणसाचा आवाज जसा होतो, तसा त्याचा झाला होता.

इंजेक्शनं सुरू करायच्या दिवशी सिस्टरने दोघांना बसवून शिकवलं. आधीच भरून आलेल्या बारीक सुया होत्या, रोज एक, पोटावर चिमूट धरून टोचायची. "फ्रीजच्या दारात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात अजिबात ठेवायच्या नाहीत." सिस्टर हे तिच्याकडे बघून सांगत होती, कारण थंडोबा गुडघ्यावर बसून दवाखान्याच्या फ्रीजच्या मागे डोकं घालून कॉम्प्रेसरची कंपनी वाचत होता. तो बाहेर आला तेव्हा शिकवणं संपलं होतं.

"ठेवायचं माझ्याकडे दे," तो म्हणाला. "आई घरच्या फ्रीजचं दार दिवसातून पन्नास वेळा उघडते. दुकानात नवा कोरा आहे. तू टोचून घ्यायचं बघ, गारव्याचं खातं माझं."

यात तिला काही वावगं दिसलं नाही. फ्रीजचं दुकान असलेल्या माणसाने औषध फ्रीजमध्ये ठेवावं, एवढा भरवसा तिने त्याच्यावर टाकला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. रोज संध्याकाळी थंडोबा दुकान बंद करून यायचा तो डावी मूठ आवळून. स्कूटर एका हाताने चालवत यायचा. घरात आला की तिच्यासमोर मूठ उघडायची, आत सुई.

"हे काय?"

"गार टोचलं की चावल्यासारखं दुखतं. म्हणून वाटभर मुठीत धरली."

या माणसाने लग्नाच्या वाढदिवसाला तिला फ्रीजची जाळी पुसायचा ब्रश दिला होता. आजारी पडली तर "ताप मोजला का" एवढं विचारून तो दुकानात जायचा. आणि आता हा माणूस रहदारीतून एका हाताने स्कूटर हाकत होता, हिच्या पोटाला गार लागू नये म्हणून. ती स्वतःला शिव्या देत होती की एका मुठीवर कसली भाळतेस, पण संध्याकाळ झाली की कान स्कूटरच्या आवाजाकडे लागायचे. सुई टोचताना तो श्वास रोखून धरायचा आणि झाल्यावर कापूस दाबून "बस" म्हणायचा. त्या एका 'बस'साठी ती दिवसभर मासळीच्या गोदामात हसऱ्या चेहऱ्याने फिरत होती. मासळीवाले घाबरले. बाई हसतेय म्हणजे दावा नक्की उडणार, असं त्यांना वाटलं.

मग सोनोग्राफी झाली.

मोठ्या मॅडमनी यंत्र इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, पडद्याकडे बघून ओठ मुडपले. "काहीच हालचाल नाही."

"म्हणजे?"

"अंडाशयं शांत आहेत. औषधाला दाद देत नाहीयेत. वयाचा भाग असतो." त्यांनी हातमोजे काढले. "आपण डोस वाढवून बघू. सकाळी एक, संध्याकाळी एक. पण फार आशा धरू नका. तोवर दुसऱ्या मार्गाचा विचार घरी करून ठेवा."

घरी विचार करायला माणसं तयारच बसली होती. सासूबाई होत्याच, आणि नणंदही आली होती. थंडोबाची धाकटी बहीण. तिला तीन मुलं, आणि ती तिघं म्हणजे आपण दिलेल्या कुठल्याशा अवघड परीक्षेचे पेपर असावेत तशी ती त्यांच्याबद्दल बोलायची.

"हिच्या पोटात गारठा शिरलाय," सासूबाईंनी निदान केलं. "दिवसभर त्या बर्फाच्या गोदामात उभी. होणारच."

"तुमचा मुलगाही गारठ्यातच असतो की, आई."

"पुरुषांचं वेगळं असतं."

नणंद सरकून तिच्याजवळ बसली. तिचा हात हातात घेतला. या घरात कुणी हात हातात घेतला की पुढे काहीतरी भयंकर येतं, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

"वहिनी, मी रात्रभर विचार केला. माझी घ्या."

"काय घेऊ?"

"बीजं गं. मला काय करायचीयत आता? माझं झालं सगळं. आणि माझी एकदम दणकट आहेत, डॉक्टरच म्हणाले होते. दादासाठी एवढंही करू नये का मी?"

सासूबाईंचे डोळे पाण्याने डबडबले. "याला म्हणतात आपलं माणूस. कुठल्या परक्या बाईचं घेण्यापेक्षा घरातलं बरं. नाक आपलं येईल, उंची आपली येईल."

थंडोबा भिंतीला टेकून उभा होता. त्यालाही पटल्यासारखं दिसलं. "विचार करायला हरकत नाही," तो म्हणाला. "खात्रीचा माल आहे."

तिने तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं. कुणाच्याही डोक्यात प्रकाश पडायची चिन्हं नव्हती.

"वन्सं," ती म्हणाली. नणंदेला वन्सं ती फक्त संतापली की म्हणायची. "बीज तुमचं."

"हो."

"आणि दुसरी बाजू तुमच्या दादाची."

"हो, मग? त्याचंच तर हवंय."

"म्हणजे बहिणीचं आणि भावाचं. आता होणारं मूल यांना बाबा म्हणेल की मामा, तेवढं ठरवून सांगा."

नणंदेने तिचा हात हळूच सोडला आणि स्वतःचा हात मांडीवर पुसला. थंडोबाने अचानक पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये काहीतरी बिघाड शोधून काढला. सासूबाईंना मात्र अजून आशा होती.

"पण मधे डॉक्टर असतेच ना," त्या म्हणाल्या.

त्या रात्री पोटावरचे टोचल्याचे निळे ठिपके बोटाने चाचपत ती पडून राहिली. इतकी वर्षं 'तुमचा दावा नामंजूर' हे तिने शेकडो लोकांना ऐकवलं होतं. आज पहिल्यांदा कुणीतरी तिला ऐकवलं, आणि तिने एकही उलटा प्रश्न न विचारता ते निमूट मान्य केलं. कुठल्याही मासळीवाल्याने तिच्यापेक्षा जास्त हुज्जत घातली असती.

चार दिवसांनी सकाळची सुई आणायचं थंडोबा विसरला. आदल्या संध्याकाळी एकच आणली होती, आणि उजाडता उजाडता तो कुठल्याशा हॉटेलच्या शीतपेट्या दुरुस्त करायला गेला होता. फोन उचलत नव्हता. घरात दुकानाची किल्ली होती. ऑफिसला जाता जाता ती दुकानात गेली.

नवा कोरा फ्रीज मधोमध होता, अंगावर प्लास्टिक तसंच. तिने दार उघडलं. आत दिवा लागला आणि त्या दिव्याखाली थंडोबाचा एक डबा आणि अर्धं लिंबू होतं. बाकी कप्पे रिकामे.

तिने बाकीचे फ्रीज उघडले. रिकामे. मग सगळ्यात मागे, भिंतीला लागून, दुकानाची शान असलेला मोठा डीप फ्रीजर होता. थंडोबा गिऱ्हाइकाला तो शेवटी दाखवायचा, नाटकातल्या नायकासारखा. तिने झाकण उचललं.

दवाखान्याचा खोका तळाशी होता. वरून कागद चिकटवलेला, 'घरचं आहे, हात लावू नये'. खोक्याचे कोपरे फुगून मऊ पडलेले, छापील अक्षरं सुरकुतलेली, कडांवर भुरभुरीत बर्फ. हे तिला वाचायची गरज नव्हती. कोळंबीच्या हजार खोक्यांवर तिने हे बघितलं होतं. तिने एक सुई काढून उजेडात धरली. आत पांढरा दगड. खोक्यात घडी घातलेला कागद कुणी उघडलेलाही नव्हता. त्यात पहिल्याच ओळीत ठळक छापलं होतं की औषध गोठवू नये, गोठलेलं वापरू नये.

उणे अठरा. त्या धुराच्या टाकीशी हा माणूस स्पर्धा करत होता. जितकं थंड तितकं औषध जपलं जातं, असा हिशेब त्याच्या डोक्यात बसला होता, आणि गारव्याचं खातं त्याचं असल्यामुळे कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता.

आणि मूठ. तिला ते सगळ्यात शेवटी सुचलं, आणि ती तिथल्याच एका खोक्यावर बसली. रोज संध्याकाळी तो मुठीत ऊब घेऊन येत नव्हता. बर्फ वितळवत येत होता. बरं, तिला गार लागू नये असं त्याला मनापासून वाटत होतं, हेही खरंच होतं. ते खरं नसतं तर निदान नुसतं संतापता तरी आलं असतं. इतके दिवस ती सुईपेक्षा त्या मुठीची वाट बघत होती, आणि तिच्या मालाच्या परीक्षेचं सगळं शहाणपण त्या मुठीपाशी आंधळं झालं होतं. ड्रायव्हरने दिलेला चहा पिऊन मटारची गाडी न उघडताच पास करावी, तसलं काम तिने केलं होतं.

तिने मोबाइलवर फोटो काढले. झाकण लावलं, दुकानाला कुलूप घातलं. त्याला आता फोन केला तर काय होईल, ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. आधी म्हणेल फ्रीजमध्येच होतं. मग म्हणेल आजच्याच दिवस तिथे ठेवलं. मग सासूबाई साक्ष देतील की त्याने फ्रीजमध्येच ठेवलं, मी स्वतः बघितलं. फोटो दाखवले तर तो रुसून दुकानात झोपायला जाईल, आणि वर दोष तिचाच, फोटो काढल्याचा. आरोप केला की माणूस गोगलगायीसारखा आत जातो, हे ती नोकरीत शिकली होती. बाहेर काढायचा तर कौतुक करावं लागतं.

दुसऱ्याच दिवशी तपासणी होती. सासूबाई आणि नणंद दोघी म्हणाल्या, आम्हीही येतो. एरवी तिने उडवून लावलं असतं. या वेळी म्हणाली, "या की. जरूर या."

मोठ्या मॅडमच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. यंत्र फिरवून झालं होतं, पडदा पूर्वीसारखाच कोरा होता. मॅडमनी आवाजात मऊपणा आणला. "तर आता आपण दुसऱ्या मार्गाबद्दल बोलू."

"बोलू," ती म्हणाली. "त्याआधी एक राहिलंय, मॅडम. यांनी औषध इतकं जपलं, इतकं जपलं, की तुमच्या बाकीच्या पेशंटांनी शिकण्यासारखं आहे. सांग ना रे, मॅडमना."

थंडोबा असा खुलला की खुर्ची कुरकुरली. "त्यात काय एवढं."

"दादा, सांग की," नणंद म्हणाली. आपला भाऊ निदान एका बाबतीत तरी पास झालाय, हे तिला हवंच होतं.

"अहो, लोक काय करतात," थंडोबा पुढे सरसावला, "दुधाच्या पिशवीशेजारी ठेवतात दारात. दार सारखं उघडतं, गारवा जातो, औषध मरतं. मी पहिल्या दिवसापासून दुकानातल्या डीप फ्रीजरमध्ये. तळाशी. एक मिनिट वीज गेली नाही, जनरेटर आहे."

मॅडमची बोटं कीबोर्डवर थांबली. पहिल्यांदाच त्यांनी कॉम्प्युटरवरून नजर काढली. "डीप फ्रीजर. म्हणजे किती?"

"उणे अठरा. त्याच्या खाली आमच्याकडे जात नाही, नाहीतर मी तुमच्या टाकीइतकं—"

"आणि टोचताना?"

"मुठीत धरायचो. पूर्ण वितळेपर्यंत. घट्ट असताना आत जात नाही ना ते." त्याने डावी मूठ आवळून दाखवली. "एका हाताने स्कूटर चालवत आलोय रोज."

दाराशी उभ्या सिस्टरने तोंडावर हात ठेवला.

"अहो," मोठ्या मॅडम म्हणाल्या, आणि 'आपण' कुठल्या कुठे गेलं, "तुम्ही काय केलंय कळतंय का? ते औषध गोठलं की संपलं. इतके दिवस तुम्ही बायकोला पाणी टोचलंत."

थंडोबाची मूठ हवेतच राहिली. "पण तुमची ती टाकी... ती तर एकशे शहाण्णवला..."

"त्यात तुम्ही आहात. हे औषध होतं."

"म्हणजे मशीन खराब निघालं का रे?" सासूबाईंनी विचारलं.

"मशीन उत्तम आहे, आई," ती म्हणाली. "मशीनने काहीच चूक केली नाही."

मग ती मॅडमकडे वळली. हसू अजून चेहऱ्यावर तसंच होतं, मासळीवाले ज्याला घाबरायचे ते. "आणि मॅडम, डोस वाढवायच्या आधी औषध कुठे ठेवलंय, हे तुम्हीही विचारलं नाहीत. वय तेवढं विचारलंत."

मोठ्या मॅडमनी घसा साफ केला, पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "ही खेप धरायची नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पुढच्या पाळीला नव्याने सुरू करू. तुमच्याच बीजांवर."

नणंदेने सुटकेचा श्वास सोडला. तो जरा जास्तच मोठा होता.

बाहेर बोळात थंडोबा भिंतीला टेकून उभा राहिला. शेजारी एसी होता, पण त्याने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"तुला आधीच माहीत होतं," तो म्हणाला.

"कालपासून."

"मग घरी का नाही बोललीस? सगळ्यांसमोर माझी शोभा केलीस."

"घरी विचारलं असतं तर कबूल झाला असतास?"

तो विचार करायला लागला. खरोखरच करायला लागला, कपाळाला आठ्या घालून, गॅस कुठून गळतोय ते शोधताना घालायचा तशा.

"नसतो झालो," तो म्हणाला.

त्या एका उत्तराबद्दल तिने त्याला घरी यायची परवानगी दिली.

दुसऱ्या खेपेच्या सुया घरच्या फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या वरच्या कप्प्यात राहिल्या. फ्रीजचं दार कमीत कमी उघडायचं, असं ठरलं. सासूबाईंनी ते इतकं मनावर घेतलं की त्या दार उघडेनाशाच झाल्या, आणि घर आठवडाभर नासकं दूध प्यायलं. थंडोबाने आतला गारवा मोजायचं एक यंत्र लावायची परवानगी मागितली. तिने दिली, पण लावताना ती शेजारी उभी राहिली. सुई ती स्वतःच टोचायची, न्हाणीघरात, दार लावून. तो बाहेर थांबायचा. एकदोनदा त्याने सवयीने हात पुढे केला, तेव्हा तिने त्या हातात रिकामी सुई ठेवली, कचऱ्यात टाकायला. त्याने ती जपून नेली. नणंदेचा रोज फोन यायचा, "होईल ना गं वहिनी, नक्की होईल ना?" इतकी काळजी तिने आयुष्यात कधी केली नव्हती.

पुन्हा सोनोग्राफीचा दिवस आला. थंडोबा आणि सासूबाई बाहेर फळांच्या टोप्यांखाली बसले. ती आत पलंगावर, पाय वर, छताच्या डागाकडे बघत. तो डाग पाणी गळल्याचा होता, नवा होता, आणि छताचं काम करणाऱ्याने नक्की खोटं बिल लावलं असणार, असा विचार ती करत होती.

मोठ्या मॅडमनी यंत्र इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. मग पडदा तिच्याकडे वळवला. करड्या धुक्यात काळे गोल होते. एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूलाही.

"दिसतायत?" मॅडम म्हणाल्या. "दोन्हीकडे आहेत. छान वाढतायत. बाळाची हमी मी देत नाही, ते पुढचं पुढे. पण अंडाशयं उत्तम साथ देतायत."

"पुन्हा सांगा."

"काय?"

"आत्ता म्हणालात ते. दार उघडून सांगा."

"अहो, असं कसं? बाहेर बाकीचे पेशंट आहेत."

"'वयाचा भाग असतो' हेसुद्धा बाहेर ऐकू गेलं होतं, मॅडम. त्यांनाही पुढचं कळू दे."

मॅडमनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टर हुकमाची वाट न बघता उठली, पलंगाभोवतीचा पडदा नीट ओढून घेतला आणि दार सताड उघडलं. मोठ्या मॅडमनी घसा साफ केला आणि शाळेतल्या मुलीसारख्या एका सुरात म्हणाल्या, "पेशंटची अंडाशयं उत्तम आहेत. औषधाला छान साथ देतायत."

बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी टाळी वाजवायला गेलं आणि थांबलं. मग सासूबाईंचा आवाज आला, शेजारच्या बाईला सांगणारा, ठाम.

"मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. माझ्या सुनेत काडीचाही दोष नाही."

इतका धादांत खोटा दावा तिने सगळ्या नोकरीत ऐकला नव्हता. तिने तो तसाच जाऊ दिला. ती पडद्यावरचे काळे गोल बघत होती, आणि यंत्र इतक्यात कुणी बंद करू नये म्हणून तिने मॅडमचं मनगट धरून ठेवलं होतं.